दुर्मिळ ठेवा आणि उघडी वेस

शास्त्रपाठ : मत्तय ६:१९-२१, यशया ३९, प्रकटीकरण २१:२२-२६





या वेळच्या मननाचा आरंभ एका खुर्चीपासून करीत आहे. ही खुर्ची सुताराने केलेली नाही. तिच्यावर कोणाला बसता येत नाही आणि तिला हातही लावता येत नाही. मुलांच्या एका व्हिडिओ खेळातील ती खुर्ची आहे. शुभवर्तमानाच्या पानांवर असल्या विषयाला जागा कशाला, असे आपल्यापैकी काही ज्येष्ठांना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु त्या खुर्चीने मला माझ्याच घरातील एका कपाटापुढे नेऊन उभे केले. ते कसे, हे आपल्याला सांगितल्यावाचून माझ्या मनाला स्वस्थता लाभणार नाही.

मागील हिवाळ्यात शास्त्राच्या अनुवादाविषयीच्या एका बैठकीसाठी मी तमिळनाडूत गेलो होतो. बैठक संपल्यावर चार दिवस दारासुरम् येथे माझ्या धाकट्या मावसबहिणीकडे राहिलो. कुंभकोणम् शहराला लागूनच, पश्चिमेस, हे गाव आहे. मेहुण्यांची बँकेतील नोकरी बदलीची; गेली काही वर्षे ते तिकडेच आहेत. रविवारी कुटुंब तमिळ उपासनेला जाते. घरातील सायंप्रार्थना मात्र मराठीतच होते. गल्लीत विणकरांची वस्ती आहे. दारासुरम् रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध असून सकाळपासून हातमागांचा ठेका कानी पडत असतो.

बहिणीची तेरा वर्षांची मुलगी सायंकाळी अभ्यास आटोपला की एक लहानसे यंत्र हाती घेऊन बसे. मी शेजारी बसून पाहू लागलो, तेव्हा तिने मोठ्या हौसेने मला सर्व समजावून दिले. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ असे त्या खेळाचे नाव. निन्टेंडो या जपानी कंपनीने तो २० मार्च २०२० रोजी, म्हणजे आपल्या देशात टाळेबंदी लागू होण्याच्या पाच दिवस आधी, बाजारात आणला आणि पुढे जगभरात त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. या खेळात मारामारी नाही आणि हारजीतही नाही. एका ओसाड बेटावर आपण राहावयास जायचे, कर्ज काढून घर बांधायचे, मासे धरून व फळे विकून ते फेडायचे, प्राण्यांच्या रूपातील शेजाऱ्यांची विचारपूस करायची आणि घर सजवायचे, एवढेच काय ते. मंदिरांची दारे बंद होती त्या दिवसांत कित्येक घरांतील मुलांनी आपल्या मित्रांची गाठ अशा बेटांवरच घेतली. यरुशलेमेच्या रस्त्यांवर मुलगे व मुली खेळत असतील, असे सुखाचे चित्र जखऱ्या संदेष्ट्याने आपल्या आठव्या अध्यायात रेखाटले आहे. खेळ हे देवाच्या आशीर्वादाचेच एक लक्षण आहे. तेव्हा, वाचकहो, खेळाला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही.

भाचीने मला बेटावरील आपले घर दाखविले. मग तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “मामा, एक खोली मी रिकामीच ठेवली आहे. तिच्यात सान्रिओचे सामान मांडायचे आहे, पण ते मिळतच नाही.”

सान्रिओ ही जपानमधील दुसरी एक कंपनी. १९७४ साली जन्मलेली ‘हॅलो किटी’ ही तिची सुप्रसिद्ध मांजरी. माय मेलडी, सिनॅमोरोल, पॉम्पॉमपुरिन ही तिची भावंडे. ही पात्रे मुळात या खेळातील नव्हेत. दोन निराळ्या कंपन्यांनी आपापली कथाविश्वे काही काळासाठी एकत्र आणली आणि हॅलो किटीच्या रूपाच्या खुर्च्या, पलंग, घड्याळे या बेटांवर अवतरली. मात्र हे सामान सर्वांसाठी नव्हते. त्यासाठी सहा कार्डांची एक लहानशी पुडी वेगळी विकत घ्यावी लागे आणि त्यांतील कार्ड यंत्राला टेकवले तरच त्या त्या पात्राचे सामान मागविता येई. मार्च २०२१ मध्ये ही कार्डे अमेरिकेत विक्रीस आली आणि येताच संपली. त्यानंतर लोक ती चढ्या भावाने एकमेकांना विकू लागले. भाचीच्या पुण्यातील मैत्रिणीकडे ती सारी होती. मैत्रिणीने आपली गुलाबी खोली हिला एकदा दाखविली, आणि तेव्हापासून हिला आपले स्वतःचे घर आवडेनासे झाले होते.

मी तिची समजूत घालण्यासाठी म्हटले, “अगं, पण तुझ्या अंगणात तो मारिओचा हिरवा नळ आहे, तो किती छान दिसतो!” सुपर मारिओ हाही दुसऱ्याच खेळातील नायक, मार्च २०२१ मध्ये त्याच्या नावाचे सामानही या बेटांवर आले होते, परंतु ते कार्डावाचून कोणालाही मागविता येत असे.

ती चटकन म्हणाली, “तो तर सगळ्यांकडेच आहे, मामा! सगळ्यांकडे असेल तर मग मजा काय?”

हे वाक्य निरागसपणे उच्चारलेले होते. परंतु त्या रात्री माझी झोप त्याच वाक्याने उडविली.

आपण क्षणभर विचार करू या. या खुर्चीला लाकूड लागत नाही, रेशीम लागत नाही, कारागिराचे हातही लागत नाहीत. एक खुर्ची दाखवायची काय किंवा एक कोटी दाखवायच्या काय, यंत्राला श्रम सारखेच. मग ती दुर्मिळ कशी झाली? ती दुर्मिळ करण्यात आली म्हणून दुर्मिळ झाली. तिच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या थोड्या पाडल्या. जी वस्तू सर्वांना पुरली असती, ती थोड्यांपुरती राखली आणि त्या राखण्यालाच मोल आले. ज्याच्या हाती ती आली त्याला आनंद कशाचा होतो? खुर्चीचा अर्धाच. उरलेला अर्धा आनंद ‘ती इतरांकडे नाही’ याचा असतो.

माझा व्यवसाय शब्दांचा आहे, म्हणून एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य भावाबरोबरच्या वतनाच्या वाटणीचे गाऱ्हाणे घेऊन प्रभूकडे येतो, तेव्हा प्रभू लोकांना ज्या दुर्गुणापासून जपण्यास सांगतो, त्याला मूळ ग्रीकमध्ये ‘प्लेओनेक्सिया’ असे म्हटले आहे. आपण त्याचे भाषांतर ‘लोभ’ असे करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शब्दाचे घटक उलगडले तर ‘अधिक असणे’ असा त्याचा अर्थ निघतो. अधिक, पण कोणापेक्षा? शेजाऱ्यापेक्षा! लोभी मनुष्याला पुष्कळ मिळाले तरी त्याचे समाधान होत नाही, कारण त्याची नजर स्वतःच्या ताटावर नसून शेजाऱ्याच्या ताटावर असते. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना (३:५) हाच शब्द योजिला आणि त्याला मूर्तिपूजा असे नाव दिले. आपण मराठी ख्रिस्ती लोक मूर्तिपूजा हा आपला प्रश्न नव्हे असे समजून निश्चिंत असतो. प्रेषित मात्र ती बाहेर कोठे न शोधता आपल्या अंतःकरणाच्या माजघरात शोधतो.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या कुटुंबासह मी ऐरावतेश्वराचे प्राचीन मंदिर पाहण्यास गेलो. बाराव्या शतकात दुसरा राजराज या चोळ राजाने ते बांधविले; २००४ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. पुढील मंडपाला रथाचा आकार दिला असून दगडी चाके व दौडणारे घोडे कोरले आहेत. तेथे एक गमतीचे शिल्प आहे. बैल आणि हत्ती समोरासमोर उभे आहेत, पण दोघांना मिळून मस्तक एकच! एका बाजूने पाहिले तर बैल दिसतो, दुसऱ्या बाजूने पाहिले तर हत्ती. भाची हसून म्हणाली, “मामा, हे तर आमच्या खेळासारखेच झाले. दोन जगांतले दोघे एकाच ठिकाणी!” मीही हसलो. दोन निराळ्या गोष्टी एकत्र आणून नवल निर्माण करण्याची हौस मनुष्याला आजची नाही.

परंतु निराळ्या जगातील वस्तू आपल्या घरी आणण्याचा दुसराही एक प्रकार असतो, आणि त्याची साक्ष याच दारासुरम् गावाने जपली होती. ती पाहण्यासाठी आम्ही त्यानंतरच्या दिवशी चाळीसेक किलोमीटर दूर असलेल्या तंजावरला गेलो. तेथील राजवाडा प्रथम नायकांचा व नंतर आपल्या भोसले राजांचा. आता त्याच्या एका भागात कलासंग्रहालय आहे. दारासुरम् येथील अनेक शिल्पे तेथे हलविली आहेत. त्यांत काळ्या पाषाणाचा एक द्वारपाल आहे. त्याची घडण चोळ कारागिरांची नाही. तो मुळात चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आपल्या सीमेलगतचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथील. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिला राजाधिराज या चोळ राजाने कल्याणी जाळली आणि हा द्वारपाल उचलून आपल्या देशी आणला. हे मी तर्काने सांगत नाही. त्या मूर्तीच्याच पायथ्याशी तमिळ अक्षरांत ते कोरलेले आहे. कोणत्या राजाने, कोणते नगर जाळून, हा द्वारपाल आणला, एवढाच त्या लेखाचा आशय.

प्रिय वाचका, तो लेख काय सांगत नाही, तेही पाहा. मूर्ती कोणी घडविली हे तो सांगत नाही. ती सुंदर आहे असे म्हणत नाही. ती कोणत्या दाराची राखण करीत होती, याचाही उल्लेख नाही. ती दुसऱ्याची होती आणि आता आमची आहे, एवढेच तिचे मोल. दाराची राखण करण्यासाठी घडविलेला तो पहारेकरी स्वतःच लुटीचा माल झाला. मी त्याच्यासमोर उभा होतो आणि कानांत भाचीचे शब्द घुमत होते : “सगळ्यांकडे असेल तर मग मजा काय?” राजाधिराज राजालाही जणू हेच म्हणायचे होते. त्याने ते दगडावर कोरले. तेरा वर्षांच्या मुलीने ते खेळता खेळता म्हटले. भेद एवढाच.

आणि मी? ज्या कपाटाचा उल्लेख मी आरंभी केला, त्याच्याकडे आता वळतो.

माझ्या संग्रही मराठी नव्या कराराची एकोणिसाव्या शतकातील एक जीर्ण प्रत आहे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती मला पुष्कळ वर्षांपूर्वी मिळाली. मी तिला कापडात गुंडाळून, कडुनिंबाची पाने घालून, कुलपात ठेवीत असे. आलेल्या विद्वान पाहुण्यांना ती काढून दाखवी आणि ‘अशी प्रत सहसा दृष्टीस पडत नाही’ हे शब्द ऐकताना मनात सुखावत असे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यात सेवा करणारा एक तरुण सुवार्तिक माझ्या घरी आला. मंडळीतील वृद्ध लोकांच्या तोंडी असलेली काही वचने छापील शास्त्राशी जुळत नाहीत, ती जुन्या भाषांतरातील असावीत, असे त्याला वाटत होते. तीन-चार ठिकाणे पडताळून पाहण्याची त्याची विनंती होती. तो एस.टी.ने सहा तासांचा प्रवास करून आला होता.

मी त्याला चहा दिला आणि सांगितले की, पुस्तकाची बांधणी खिळखिळी झाली आहे, तेव्हा पुढे केव्हातरी पाहू. बांधणी खिळखिळी होती हे खरे. परंतु ते कारण नव्हते. त्याच विषयावर मला एक लेख लिहावयाचा होता आणि माझ्या आधी दुसऱ्या कोणी ते पान उघडावे, हे मला नको होते. त्याने हात जोडले आणि तो गेला. पुन्हा कधी आला नाही. माझा लेखही अद्याप लिहून झालेला नाही.

बंधुभगिनींनो, शुभवर्तमानाचेच पुस्तक मी शुभवर्तमानाच्या सेवकापासून कुलपात ठेवले. एका मुलीने गुलाबी खुर्चीसाठी हट्ट धरला तर आपण तिच्या आईवडिलांना उपदेश करावयास सरसावतो. पण मंडळीतील वडीलधारे काय जमवितात? कोणी समितीतील स्थान जमवितो आणि ते तरुणांच्या हाती पडू नये म्हणून जपतो. कोणी आपल्या घराण्याचा मिशनकाळापासूनचा मान जमवितो. कोणी शास्त्राचे ज्ञान जमवितो आणि ते साध्या भाषेत सांगत नाही, कारण साधे केले तर मान कसला? आपली खेळणी अधिक जड असतात, एवढेच.

यशयाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात हिज्कीया राजाची हकिकत आहे. तो चांगला राजा होता. मरणाच्या दारातून देवाने त्याला परत आणले होते. त्याचे कुशल विचारण्यास बाबेलचे वकील आले, तेव्हा त्याने त्यांना काय दाखविले? देवाने केलेला चमत्कार? नाही. त्याने भांडार उघडले; सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रे, सर्व काही दाखविले. पाहुणे गेल्यावर संदेष्टा येऊन विचारतो की, त्यांनी तुझ्या घरात काय काय पाहिले? राजा अभिमानाने सांगतो की, दाखविले नाही असे काहीच उरले नाही. तेव्हा यशया त्याला बजावतो की, जे जे दाखविलेस ते ते सर्व एक दिवस बाबेलला नेले जाईल. आणि तसेच झाले. आपली दुर्मिळ खोली दुसऱ्याला दाखविताना आपण त्याच्या अंतःकरणात काय पेरतो, याचा विचार हिज्कीयाने केला नाही. माझ्या भाचीच्या मैत्रिणीने केला नाही. मीही केला नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील वचन आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यातील दोन शब्द अनुवादकाच्या दृष्टीने पाहू. आपण ज्याला ‘कसर’ म्हणतो, ती वस्त्रांना लागते. त्या काळी उंची वस्त्रे ही सोन्यासारखीच संपत्ती समजली जाई. रेशीम विणणाऱ्या दारासुरम्‌मधील कोणत्याही गृहिणीला हे वचन समजावून सांगावे लागणार नाही. दुसरा शब्द ‘जंग’. मूळ ग्रीक शब्द ‘ब्रोसिस’ असा आहे आणि त्याचा साधा अर्थ ‘खाणे’ इतकाच. लोखंडाला खाणारा तो गंज, धान्याला खाणारा तो किडा, असे दोन्ही अर्थ त्यात मावतात. प्रभूचे म्हणणे असे की, पृथ्वीवरील प्रत्येक साठ्याला त्याचा स्वतःचा एक खाणारा असतो.

विजेवर चालणाऱ्या साठ्याला कसर लागत नाही, गंज चढत नाही. मग त्याला खाणारा कोण? तोही आहे. याच खेळाची ‘पॉकेट कॅम्प’ नावाची एक आवृत्ती मोबाईल फोनसाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाली होती. ठरावीक मुदतीतच मिळणारे विशेष सामान हेच तिचे मोठे आकर्षण होते. सात वर्षे लोकांनी ते जमविले, काहींनी त्यासाठी पैसेही मोजले. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ती सेवा बंद झाली. आपला साठा नव्या, विकत घ्यावयाच्या आवृत्तीत नेण्याची सोय होती, परंतु तिलाही मुदत होती. ज्यांनी ती गाठली नाही, त्यांच्या सजविलेल्या जागा एका रात्रीत नाहीशा झाल्या. चोर आला नाही, आग लागली नाही. दूर कोठेतरी कोणी एक कळ दाबली, एवढेच. कल्याणीचा द्वारपाल निदान नऊशे-हजार वर्षे टिकला!

आता आपण विचाराल, मग जमवूच नये काय? तसे नाही. प्रभूने साठवू नका म्हटले आणि लगेच साठवा असेही म्हटले. कोठे साठवायचे एवढे बदलले. तंजावरच्याच राजवाड्यात याचे एक उदाहरण आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे मोठे संग्राहक. बालपणी त्यांचा सांभाळ व शिक्षण ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. राजे स्वतः हिंदू धर्मातच राहिले, पण या गुरूच्या स्मृत्यर्थ त्यांनी इंग्लंडमध्ये संगमरवरी शिल्प करवून घेतले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी हजारो हस्तलिखितांनी व पुस्तकांनी समृद्ध केले. राजाचा तो खाजगी ठेवा १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. आज तेथे कोणीही जिज्ञासू जाऊ शकतो. ज्या दिवशी दार उघडले, त्या दिवशी त्या पुस्तकांपैकी एकही कमी झाले नाही. वाचक मात्र वाढले.

आपली मराठी मंडळी तर अशा उघडलेल्या दारातूनच जन्मास आली आहे. १८०५ साली बंगालमधील सेरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८११ मध्ये नवा करार. त्यापूर्वी मराठी मनुष्याच्या दृष्टीने शुभवर्तमानासारखी दुर्मिळ वस्तू दुसरी नव्हती. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृत विद्येचा दुर्मिळ ठेवा आईवडिलांकडून लाभलेल्या त्या विदुषीने आपली लेखणी अल्पशिक्षित स्त्रियांसाठी झिजविली. छपाईचे कामही मुक्तीतील स्त्रियांनीच केले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या तेव्हा त्यांचे भाषांतर पुरे झाले होते. अनुवादकाचे काम याहून वेगळे काय आहे? जे थोड्यांकडे आहे ते सर्वांकडे जावे, यासाठीच त्याला पाचारण असते. ‘सगळ्यांकडे असेल तर मग मजा काय’ या प्रश्नाला रमाबाईंचे सारे आयुष्य हे उत्तर आहे : सगळ्यांकडे असेल, हीच मजा!

कृपेचे गणित लोभाच्या उलट आहे. लोभाची वस्तू वाटली की तिचे मोल उतरते. कृपा वाटली की वाढते. एका मुलाच्या पाच भाकरी त्याच्याच शिदोरीत राहत्या तर एकाचे जेवण झाले असते. पौल करिंथकरांस (२ करिंथ ४:७) सांगतो की, आपला ठेवा मातीच्या पात्रांत आहे. मत्तयात संपत्तीसाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच येथे ठेव्यासाठी योजिला आहे. कुंभकोणम्‌च्या नावातच कुंभ आहे. तेथील बाजारातून जाताना मातीची मडकी मांडलेली पाहून मला हे वचन आठवले. देवाला दुर्मिळ पात्राची हौस असती तर त्याने सोन्याचे घेतले असते. त्याने असे पात्र घेतले, जे प्रत्येकाच्या घरी असते.

निघण्याच्या आदल्या रात्री मी भाचीला माझ्या कपाटाची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. तेवढे धैर्य नव्हते. तिने निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मामा, त्या दादांना तुम्ही पुस्तक दाखवलेत का?” मी म्हटले, “अजून नाही.” तिने माझ्याकडे नुसते पाहिले. पुष्कळ उपदेशांनी जे होत नाही, ते त्या पाहण्याने झाले.

घरी परतल्यावर मी त्या प्रतीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढवून घेतले. एक संच एका वेदपाठशाळेच्या ग्रंथालयास दिला. त्या तरुणाचा पत्ता शोधला. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात सेवेस आहे असे कळले. दुसरा संच त्याला पाठविला आणि क्षमा मागणारे पत्र सोबत लिहिले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. त्याने उत्तर द्यावे असा माझा हक्कही नाही. भाचीला कार्डे मिळाली की नाही, हे मला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात फोनवर तिने एवढे सांगितले की, तिच्या बेटावरील रिकामी खोली तिने पाहुण्यांसाठी ठेवली आहे.

वाचकहो, शास्त्राच्या शेवटच्या पानांवर एक नगर आहे. त्याला बारा वेशी आहेत आणि प्रत्येक वेशीवर एक देवदूत उभा आहे. म्हणजे द्वारपाल तेथेही आहेत. परंतु योहान सांगतो की, त्या वेशी दिवसा कधीच बंद होणार नाहीत आणि रात्र तर तेथे नाहीच. राष्ट्रांचे वैभव त्या नगरात आणले जाईल. कोणाचे नगर जाळून ते उचलून आणलेले नसेल. राष्ट्रे स्वतःच्या हातांनी ते आणतील. मराठीचे वैभव जाईल, तमिळचे जाईल, दारासुरम्‌च्या विणकरांच्या बोटांतील कसबही जाईल, अशी माझी आशा आहे. तेथे पायथ्याशी ‘अमक्याने अमक्याकडून हिरावून आणले’ असा लेख कोणत्याही वस्तूवर असणार नाही.

तोपर्यंत आपल्या घरातील एक कपाट आज उघडून पाहावे, एवढीच विनंती. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. ते पाहण्यासाठी सहा तासांचा प्रवास करून कोणी आले होते काय, हे आपल्याला ठाऊक असेल.

प्रार्थना : हे प्रभो, तू धनवान असता आमच्याकरिता दरिद्री झालास. जे तू फुकट दिलेस, ते आम्ही कुलपात ठेविले, याची आम्हांला क्षमा कर. आमच्या मुलांच्या खेळांना आशीर्वाद दे आणि आमच्या खेळण्यांपासून आम्हांला सोडीव. ज्यांना आम्ही दारातून परत पाठविले, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे धैर्य आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.